चादरीतून येत नाही

“घाण बोलायची नसते, धुवायची असते.”

हे तिचं वाक्य. लॉन्ड्रीत एखादी नवी मुलगी कामाला लागली आणि चादर दोन बोटांच्या चिमटीत उचलून “शी, हे काय गं बाई!” म्हणाली, की ही मान वर न करता हेच म्हणायची. पहिल्यांदा ऐकणारीला ते शहाणपण वाटायचं. पुढे कळायचं, की ते शहाणपण नव्हतं. ती किळस होती, नीट घडी घालून ठेवलेली.

शहरातल्या लहानमोठ्या हॉटेलांच्या चादरी त्या लॉन्ड्रीत यायच्या. लांबच लांब, बुटकी खोली. एका अंगाला मोठाले ड्रम गरगरत असायचे, दुसऱ्या अंगाला वाफेच्या इस्त्र्या फुसफुसायच्या आणि अगदी टोकाला, ट्यूबलाइटच्या पांढऱ्या उजेडात, पत्रा ठोकलेलं एक टेबल होतं. ते डागाचं टेबल. मशीनला जे निघत नाही ते तिथे यायचं. चहा, दारू, केसांचा रंग, ओकारी, रक्त, आणि ज्यांचं नाव चारचौघांत घेत नाहीत ते सगळं. त्या टेबलाशी ती उभी असायची. रक्ताला थंड पाणी, तेलाला गरम. रक्ताला चुकून गरम पाणी लागलं की ते कापडात कायमचं घर करतं, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. डाग गेला की ती चादर उजेडासमोर धरायची आणि एकच शब्द बोलायची, “लख्ख.” म्हणून सगळे तिला लख्खबाई म्हणत.

माणसांविषयी तिचं मत फार चांगलं राहिलं नव्हतं. दिवसभर लोकांचे अंथरुणातले उद्योग ज्याच्या हाताखालून जातात, त्याचं कसं राहील? रस्त्याने एखादा कडक इस्त्रीचा साहेब ऐटीत चालला, की तिला त्याचा सदरा दिसायचा नाही, चादर दिसायची. घरी आली की ती आधी कोपरापर्यंत हात घासायची. कपबश्या उकळत्या पाण्यातून काढायची. सासू म्हणायची, “घर आहे हे, दवाखाना नाही.” नवरा हसायचा. तो उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा. कामासाठी गावोगाव जायचा, आठवडा आठवडा बाहेर राहायचा. गोड बोलायचा, अंगाला पावडर लावायचा, मिशी रंगवायचा. शेजारच्या बायका म्हणत, नशीब काढलंस हो. लख्खबाईलाही तसंच वाटायचं. साऱ्या जगात एवढा एकच माणूस तिला स्वच्छ वाटायचा.

दुखणं आलं ते चोरपावलांनी. आधी ओटीपोट जड झालं. मग दोन्ही बाजूंनी पीळ पडायला लागला, ओली चादर दोघींनी दोन टोकांना धरून पिळावी तसा. पाळी होऊन गेल्यावरही मधेच लाल लागायचं. अंगावरून जायचं ते आधी पांढरं, मग पिवळट, आणि त्याला वास. तो वास तिला स्वतःचा वाटेना. पहाटे सगळे उठायच्या आत ती आपले आतले कपडे धुवायची आणि टॉवेलाखाली झाकून वाळत घालायची. जगाचा डाग नुसत्या नजरेने ओळखणारी बाई, पण आपल्या डागाकडे तिला बघवत नव्हतं.

कुठून आलं हे मात्र तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. चादरींतून. आणखी कुठून येणार? इतकी वर्षं लोकांची घाण चिवडली, ती बोटांवाटे अंगात शिरली आणि तिथे बसली. मग त्यावर उपायही तिने आपल्या धंद्यातलाच काढला. डागाच्या टेबलाखाली जंतू मारायच्या पांढऱ्या औषधाचा कॅन असायचा. त्यातलं थोडं बाटलीत भरून तिने घरी आणलं, पाण्यात मिसळलं आणि त्याने ती स्वतःला आतून धुवायला लागली. आग व्हायची. डोळ्यांत पाणी यायचं. ती म्हणायची, लागतंय म्हणजे निघतंय.

निघत नव्हतं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे गेली. तो टेबलापलीकडूनच बोलला.

“लघवीला जळजळ?”

“हो.”

“पाणी कमी पिता. भरपूर प्या.”

त्याने गोळ्या दिल्या. चार दिवस बरं वाटलं, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. सासू गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून खुर्चीत बसलेली असायची. ती म्हणाली, “बायकांचं पोट दुखायचंच. माझं काय कमी दुखलं? हयात गेली. पण मी कधी कुणापुढे पाय फाकून पडले नाही.”

लॉन्ड्रीत तिच्या शेजारी मोठ्या इस्त्रीवर एक बाई होती. तोंड एकदा सुटलं की थांबायचं नाही, म्हणून तिला सगळ्या वाफ म्हणायच्या. नवरा वारला होता, एका खोलीत एकटी राहायची आणि कुणाच्या बापाला भीत नव्हती. तिने लख्खबाईला टेबलाची कड धरून वाकलेलं पाहिलं आणि म्हणाली, “अगं, तू काय टेबलाच्या पाया पडतेस का? मोठ्या हॉस्पिटलात बायकांची डॉक्टरीण आहे, तिला दाखव.”

“ती आत बघते.”

“मग काय बाहेरून बघून सांगेल? ती काय ज्योतिषी आहे?”

लख्खबाई गेली. आणि जाण्याआधी तिने जे केलं, ते तिच्याशिवाय दुसऱ्या कुणी केलं नसतं. डागाच्या टेबलावरून चादर जशी पुढे जाते तशीच ती गेली. पहाटे उठून आंघोळ केली. पांढऱ्या औषधाने आतून दोनदोनदा धुतलं. कोरे कपडे घातले. आणि निघताना दुखायची मोठी गोळी गिळली. परक्या बाईसमोर पाय वर करून पडायचं आणि वर कण्हायचं, म्हणजे शोभाच. इस्त्रीचा चटका बसला तरी तोंडातून आवाज काढायचा नाही, असा लॉन्ड्रीतला रिवाज. तोच रिवाज ती हॉस्पिटलातही घेऊन गेली.

बाहेर बायकांची रांग दारापर्यंत लागली होती. डॉक्टरबाईने पडदा ओढला, हातमोजे चढवले, तपासलं. “इथे दुखतं?” “नाही.” “इथे?” “नाही.” लख्खबाई फळीसारखी पडून होती, दात दातांवर, नजर छतावरच्या ओलीच्या डागावर. गोळीने दुखणं झाकलं होतं. जे उरलं ते ती गिळत होती. पाहायला तर सगळं धुतलेलं, पुसलेलं. सोनोग्राफीतही काही निघालं नाही.

“तसं काही दिसत नाही,” डॉक्टरबाई हातमोजे काढत म्हणाली. “गॅसेस असतील. पुन्हा त्रास झाला तर या.”

लख्खबाईला बरं वाटलं. दुखणं गेलं म्हणून नव्हे, दिसलं नाही म्हणून.

पुढचा महिना तिने कसा काढला ते तिचं तिला माहीत. नवरा गावावरून आला की जवळ यायचा. ती डोळे मिटून घ्यायची आणि आत सुरी फिरल्यासारखं व्हायचं. त्याला ती काही बोलली नाही. मग एके दिवशी दुपारी, भर कामात, तिला हुडहुडी भरली. ड्रमची गरगर कानात शिरली, ट्यूबलाइट पिवळी झाली आणि लख्खबाई मळक्या चादरींच्या ढिगात तोंडावर पडली. वाफ धावली. कपाळाला हात लावला तर चटका बसला.

“गाडी काढा,” ती चादरींच्या व्हॅनवाल्यावर ओरडली. “काढ रे मेल्या, बघतोस काय!”

लख्खबाई शुद्धीवर आली ती व्हॅनमध्ये, गाठोड्यांच्या मधोमध. कुठे चाललोय हे कळलं मात्र, ती उठून बसायला लागली. “आधी घरी ने मला. मला आंघोळ करू दे.”

“तू काय लग्नाला चाललीस?”

“अगं वास येतोय माझा! त्या चादरीत पडले मी. खालीही सगळं… तशीच कशी जाऊ?”

“तशीच जायचं.”

“मग एक गोळी तरी दे.”

“कसली गोळी?” वाफेने विचारलं. लख्खबाईने सांगितलं. वाफ तिच्याकडे बघतच राहिली. मग कपाळावर हात मारून म्हणाली, “म्हणजे तू डाग काढून मग चादर दाखवायला नेलीस! आणि वर म्हणतेस, डॉक्टरला डाग सापडला नाही.”

त्या दिवशी टेबलावर पडताना लख्खबाईला आपलीच इतकी किळस आली, की तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. डॉक्टरबाई तीच होती. तिने एक हात पोटावर ठेवला, दुसऱ्या हाताची दोन बोटं आत घातली आणि गर्भपिशवीचं तोंड हलकंच एका बाजूला सरकवलं. लख्खबाई किंचाळली. तिची कंबर टेबलावरून उचलली गेली आणि तिने डॉक्टरबाईचं मनगट गच्च पकडलं. पडद्याबाहेरची रांग गप्प झाली.

“सोडा,” डॉक्टरबाई हळूच म्हणाली. “झालं. हेच बघायचं होतं. मागच्या वेळी इथे दुखलं नव्हतं?”

“दुखलं होतं.”

“मग ‘नाही’ असं का म्हणालात?”

“गोळी घेतली होती. शोभा नको म्हणून.”

डॉक्टरबाईने आतून फिरवून काढलेल्या काडीवरच्या कापसाकडे पाहिलं, वास घेतला, मग तिच्याकडे पाहिलं. “तुम्ही आतून कशाने धुता का?”

लख्खबाईने पांढऱ्या औषधाचं नाव सांगितलं. डॉक्टरबाईने चष्मा काढला आणि डोळे चोळले. “बाई, ते फरशी पुसायचं औषध आहे.” थोडं थांबून ती म्हणाली, “आणि मीही विचारलं नाही. रांग बघत बसले.”

मग ती स्टूल ओढून जवळ बसली. तिने सांगितलं ते असं. खालून शिरलेले जंतू वर चढलेत, गर्भपिशवीत आणि तिच्या दोन्ही नळ्यांत. तिथे सूज आहे. ही सूज पकडायला एकच एक चाचणी नसते. सोनोग्राफी चांगली आली म्हणून आत सगळं चांगलं असतं असं नाही. ओटीपोटात दुखतंय, ताप आहे, पिशवी हलवली की जीव जातो, घाण जातेय. पोटात गर्भ नाही हे आत्ताच तपासलं, अपेंडिक्सचं दुखणंही नाही. एवढं पुरे. नमुना तपासायला जाईल, पण त्याची वाट बघत बसायचं नाही. जितका उशीर होईल तितक्या नळ्या खराब होतात. आज इंजेक्शन आणि दोन आठवडे गोळ्या, एकही न चुकवता. तीन दिवसांनी पुन्हा दाखवायचं, ताप उतरला नाही तर इथेच ठेवून घ्यायचं. आतून धुणं कायमचं बंद.

“चादरींतून आलं ना हे?” लख्खबाईने विचारलं.

“नाही. हे चादरीतून येत नाही.”

“मग?”

“बहुतेक वेळा हे नवरा-बायकोच्या संबंधातून येतं. प्रत्येक वेळी तसंच असतं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण औषध दोघांनी घ्यायलाच हवं. त्यांना इथे पाठवा. येत नसतील तर या त्यांच्या गोळ्या, न्या. आणि दोघांचं औषध पुरं होईपर्यंत जवळ यायचं नाही. त्यांनी घेतलं नाही, तर तुम्ही बऱ्या व्हाल आणि पुन्हा हेच घेऊन याल.”

लख्खबाईने गोळ्या मुठीत घेतल्या. मग म्हणाली, “मूल झालं नाही आम्हाला. ते यामुळेच का?”

“असू शकतं,” डॉक्टरबाई म्हणाली. तिने नजर चुकवली नाही.

लख्खबाई घरी निघाली. उभ्या आयुष्यात ती दुसऱ्या कुणाच्या वाटेला गेली नव्हती. म्हणजे मग? तिच्या डोळ्यांसमोर दुसऱ्या गावांतल्या हॉटेलांच्या चादरी यायला लागल्या, कुठल्यातरी दुसऱ्या लॉन्ड्रीत, कुठल्यातरी दुसऱ्या टेबलावर. तिथेही कुणी बाई मान खाली घालून घासत असेल. रस्त्याच्या कडेला बसून तिला ओकारी झाली.

नवरा आला तेव्हा तिने जेवणाच्या टेबलावर गोळ्या ठेवल्या आणि डॉक्टरबाई जे बोलली ते जसंच्या तसं सांगितलं. आवाज चढवला नाही.

तो आधी हसला. मग खुर्ची जवळ ओढून तिच्या हातावर हात ठेवला. “अगं वेडे, तुझ्या त्या लॉन्ड्रीत काय काय हाताळतेस तू! तिथूनच आलं असणार. तूच म्हणायचीस ना?”

“डॉक्टरबाई म्हणाली, चादरीतून येत नाही.”

“डॉक्टरबाईने तुमच्या चादरी पाहिल्यात का?”

सासू खुर्चीतून म्हणाली, “नोकरी सोड म्हणून मी केव्हाची सांगतेय.”

आणि खरं सांगायचं तर लख्खबाईला त्या क्षणी त्याचंच खरं असायला हवं होतं. सगळ्या जगाची किळस करणं सोपं असतं. घरातल्या एका माणसाची किळस घेऊन राहायचं कसं? ती म्हणाली, “कुठून का येईना, अहो, तुम्ही गोळ्या घ्या. एवढंच मागते. मला पुन्हा ते नको.”

“घेतो की. तुझ्यासाठी विषही घेईन.” त्याने तिच्या देखत गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायला, मिशी पुसली. रोज जेवणानंतर तेच. सासूनेही पाहिलं, लख्खबाईनेही पाहिलं. त्या दिवसांत तो बाहेरगावीही गेला नाही. हळूहळू तिचा ताप गेला. पीळ सुटत गेला. तिसऱ्या दिवशी डॉक्टरबाईने दाबून पाहिलं आणि मान हलवली, उतार आहे म्हणाली. पुढे अंगावरून जायचं थांबलं. लख्खबाई पुन्हा टेबलाशी ताठ उभी राहायला लागली. वाफ म्हणाली, “बघ, तोंडावर रंग आला. किंचाळल्याचा फायदा.”

औषध संपत आलं तसा नवरा जवळ सरकून गोड गोड बोलायला लागला. “झालं ना आता? दोघांचं झालं. किती दिवस लांब ठेवणार?” ती म्हणाली, “उद्या शेवटची गोळी.” तिचं मनही थोडं वितळलं होतं. माणूस आहे, चुकलाही असेल, पण गोळ्या घेतोय, असं ती स्वतःला समजावत होती.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती; सकाळी ती घरचे कपडे भिजवायला बसली. नवरा आरशासमोर मिशी कोरत होता, सासू चहा पीत होती. कपडा पाण्यात घालण्याआधी खिसे उलटे करायचे, हा धुणाऱ्यांचा हात असतो, मनाला विचारावं लागत नाही. त्याच्या कामाच्या पँटमधून एक पेचकस निघाला, तारेचा तुकडा निघाला, आणि कागदी रुमालाचा एक बोळा. बोळा चिकट होता. तिने उलगडला. आत गोळ्या होत्या. तोंडात धरून, जिभेखाली दाबून, पाठ वळल्यावर थुंकलेल्या. काही अर्ध्या विरघळलेल्या, काही एकमेकींना चिकटलेल्या, वरचा रंग जाऊन पांढरट झालेल्या. त्यांना त्याच्या थुंकीचा वास येत होता.

लख्खबाई उठली. तिने तो बोळा नेऊन त्याच्या चहाच्या बशीत ठेवला.

“हे काय?”

तो गोरामोरा झाला. मग मिशीवरून बोट फिरवत म्हणाला, “मला मळमळतं त्या गोळ्यांनी.”

“मळमळतं?”

“हो. आणि पुरुषाला असलं काही होत नसतं. मला काही दुखतं का? उगाच कशाला घेऊ?”

“मग तोंडात का टाकत होतात रोज?”

“तू ऐकत नव्हतीस म्हणून. तुझ्या समाधानासाठी.”

“आणि आज मला जवळ बोलावणार होतात.”

तो पुन्हा आरशाकडे वळला. लख्खबाई हसली. ते हसू ऐकून सासूने कपबशी खाली ठेवली. एवढा मोठा माणूस, रंगवलेल्या मिशीचा, लोकांना वर-खाली नेणारी यंत्रं दुरुस्त करणारा, आणि रोज लहान पोरासारखी गोळी गालात लपवत होता. तिच्या पोटातलं ते सगळं परत येईल, हे माहीत असून. त्याने दुसरीकडे कुठे काय केलं, ते तिने पाहिलं नव्हतं. हे मात्र तिच्या समोर बशीत पडलं होतं.

ती आत गेली. पिशवीत चार कपडे घातले, आपली शेवटची गोळी त्यातच टाकली, केस बांधले.

“कुठे निघालीस?” सासू दारात आली.

“वाफेच्या खोलीवर.”

“एवढ्याशा गोष्टीवरून घर सोडतेस? पुरुष असेच असतात. मी नाही राहिले?”

“राहिलात ना, आई,” लख्खबाई म्हणाली. “तुमचं पोट अजून दुखतं.”

नवऱ्याने आवाज गोड केला. “अगं, बस जरा. घेतो मी. नव्या आण, तुझ्यासमोर चावून खातो.”

“आता तुमच्या तोंडाकडे बघवत नाही मला,” ती म्हणाली आणि जिना उतरली.

सासू तशीच उभी राहिली. मग टेबलाशी गेली आणि बशीतल्या त्या चिकट बोळ्याकडे बघत राहिली. हात पुढे केला, मागे घेतला. “उचल ते,” ती मुलाला म्हणाली. “मी हात लावणार नाही.” तो काहीतरी पुटपुटला. तिने ऐकलं नाही. ती सज्जात आली आणि दोन्ही हातांनी कठडा धरून खाली वाकली.

खाली लख्खबाई दुकानांच्या कडेने चालली होती. सावकाश, खांद्याला पिशवी, एक हात ओटीपोटावर. दुरून ती बाजारात निघालेल्या कुठल्याही बाईसारखी दिसत होती. वळणावर ती थांबली. सासूला वाटलं, वळेल. ती वळली नाही. गटाराशी वाकून थुंकली, बाहीने तोंड पुसलं आणि कोपऱ्याआड गेली. सासू बराच वेळ त्या कोपऱ्याकडे बघत होती. आतून मुलाने दोनदा विचारलं, “गेली का?”